फिश टँकचा पंप लेबलपेक्षा जास्त करंट ओढतोय? बदलण्याआधी हे तपासा

लेबलवर १८ वॅट लिहिलेला साधा सबमर्सिबल पंप. २३० व्होल्टवर त्यानं हिशेबानं ०.०८ अँपिअरच्या आसपास घ्यायला हवेत. टाँग टेस्टर (तारेभोवती जबडा अडकवून करंट मोजायचा मीटर) लावला तर आकडा येतो ०.१७. त्याला २३० नं गुणलं की ३९. "अहो, अठराचा म्हणून घेतला आणि चाळीस वॅट ओढतोय की हो!" ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी अशा सगळ्या बाजूंनी सारखी येते. उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत काम करणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यामुळे टाँग टेस्टर हाताशी असतो आणि पंपाला लावून बघितलाही जातो. ही सवय चांगलीच आहे. फक्त त्या आकड्याचा अर्थ या पंपांच्या बाबतीत वेगळा लावावा लागतो.

काळजीचं कारणही खरं आहे. फिल्टरचा पंप रात्रंदिवस चालतो. १८ वॅटचा पंप महिन्याला सुमारे १३ युनिट खातो, ३९ वॅटचा असता तर २८ युनिट. २०२३ पासून २०० युनिटांपर्यंत मोफत विजेची गृहज्योती योजना सुरू झाल्यावर कर्नाटकात महिन्याच्या युनिटांकडे सगळ्यांचंच बारीक लक्ष आहे. २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं, आणि रेघेच्या जवळ असलेल्या घराला पंधरा युनिटांचा फरक चांगलाच जाणवतो. टँकच्या पंपावर संशय येणं साहजिक आहे.

माझं म्हणणं असं की या पंपात करंट हिशेबाच्या दुप्पट दिसणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. खरा बिघाड असतो तेव्हा तो वॅटमध्ये दिसतो, किंवा त्याच पंपाचा करंट आधीपेक्षा वाढलेला दिसतो. या दोन्हींपैकी काहीच न बघता चांगले पंप टाकून दिले जातात. उलट "आमचा आधीपासून असाच आहे" म्हणत खरोखर खराब झालेले पंप पाण्यात तसेच चालू राहतात. ही दुसरी गोष्ट जास्त धोक्याची.

अँपिअर गुणिले व्होल्ट म्हणजे वॅट, हे इथं चालत नाही

या पंपाच्या आत दोन कॉइल, लोखंडी पट्ट्यांचा इंग्रजी यू आकाराचा गाभा आणि मधल्या विहिरीत फिरणारा चुंबकाचा रोटर असतो. ही छोटी सिंक्रोनस मोटर आहे, म्हणजे तिचा वेग लाईनच्या हर्ट्झवर ठरतो. कॉइलमधून जाणाऱ्या करंटचा मोठा भाग गाभ्यात चुंबकत्व तयार करण्यात जातो. सायकलच्या एका भागात कॉइल ऊर्जा घेते आणि लगेच पुढच्या भागात ती लाईनला परत करते. तारेतून करंट खरोखर वाहतो, म्हणून टाँग टेस्टर तो दाखवतो. पण परत गेलेल्या ऊर्जेचं काम झालेलं नसतं. पाणी ढकलायला आणि पंप गरम व्हायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढेच खरे वॅट.

व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकाराला व्हीए म्हणतात. खऱ्या वॅटला त्यानं भागलं की पॉवर फॅक्टर मिळतो. उद्यमबागेत कॅपॅसिटर बँक बघणाऱ्यांना हा शब्द रोजचा आहे. फिश टँकच्या छोट्या पंपाचा पॉवर फॅक्टर बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास असतो. वरच्या उदाहरणात खरे वॅट लेबलाप्रमाणे १८ च असतील तर १८ ला ३९ नं भागून ०.४६ येतो, म्हणजे पंप अगदी ठीक आहे. हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीचा घरातला मीटर जी युनिटं मोजतो ती खऱ्या वॅटांची. त्या ३९ चं बिल येत नाही, १८ चंच येतं.

म्हणून लेबलावरच्या वॅटवरून अँपिअर काढून तुलना करू नका. लेबलवर अँपिअर वेगळे छापले असतील तर त्यांच्याशी करा. नसतील तर तुमच्याच पंपाचं पहिल्या दिवशीचं मोजमाप हा सगळ्यात चांगला आधार. नवा पंप लावला की त्याच दिवशी व्होल्टेज, अँपिअर आणि वॅट मोजून टँकच्या स्टँडच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. वर्षभरानंतर शंका आली की हे तीन आकडे फार उपयोगी पडतात.

मोजायचं कसं

कारखान्यातला टाँग टेस्टर चारशे-सहाशे अँपिअरसाठी बनवलेला असतो. ०.१७ अँपिअर त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. शेवटचे एक-दोन अंक हलत राहतात आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. यावर जुनी युक्ती आहे. एक छोटी एक्स्टेन्शन वायर घ्या, तिचं बाहेरचं आवरण वीतभर काढून आतल्या तारा मोकळ्या करा (तारांचं स्वतःचं इन्सुलेशन शाबूत ठेवून), आणि फक्त फेजची तार टाँग टेस्टरच्या जबड्यातून दहा वेढे घालून फिरवा. मीटर दहापट दाखवेल. १.७ आले तर खरे ०.१७. दोन्ही तारा एकत्र जबड्यात धरल्या तर शून्य येतं, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. अनेकदा "पंप करंटच घेत नाही" अशी तक्रार एवढ्यावरूनच येते.

मल्टीमीटर सिरीजमध्ये लावून मेन्सचा करंट मोजण्याचा सल्ला मी कुणालाही देत नाही. ओल्या हातानं, पाण्याशेजारी, उघड्या प्रोबनं हे काम करू नये.

वॅट मोजायला सॉकेटमध्ये खोचायचा वॅटमीटर मिळतो, तो सगळ्यात सोपा. तो नसेल तर घरचा मीटर वापरा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार हे मीटरवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. फ्रिज, राऊटर, देव्हाऱ्यातला बल्ब, चार्जर, सगळं बंद करून फक्त पंप चालू ठेवा. दोन लुकलुकींमधली सेकंदं मोजा. ३२०० च्या मीटरवर ११२५ ला सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. १८ वॅटचा पंप असेल तर साधारण ६२ सेकंदांनी एकदा लुकलुक होईल, ३६ वॅट असतील तर ३१ सेकंदांनी. मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्यानं भागा आणि आलेलं उत्तर ११२५ च्या जागी वापरा. चार-पाच लुकलुकींची सरासरी घेतली तर उत्तर पुरेसं अचूक येतं. वेळ लागतो, पण खर्च काहीच नाही.

वॅट लेबलाच्या आसपास निघाले तर पंप सोडून द्या, तो ठीक आहे. दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे चालतं. वॅट चांगलेच वाढलेले असतील, किंवा त्याच पंपाचे अँपिअर आधीपेक्षा वाढले असतील, तर पुढचं वाचा.

आधी व्होल्टेज बघा, तेही रात्री

करंट मोजताना व्होल्टेज किती होतं हे लिहून ठेवत नाहीत, आणि तिथंच गल्लत होते. या पंपांचा गाभा लहान असतो, खर्च वाचवण्यासाठी लोखंड जेमतेम घातलेलं असतं. ठरलेल्या व्होल्टेजलाच तो चुंबकत्वानं जवळजवळ भरलेला असतो. त्यावर व्होल्टेज वाढलं की गाभा आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही आणि करंट एकदम उसळतो. व्होल्टेज दहा टक्के वाढलं म्हणून करंटही दहाच टक्के वाढेल असं नसतं, तो बराच जास्त वाढतो. आणि तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट सव्वापट झाला तर कॉइलची उष्णता दीडपटीच्याही पुढे जाते.

आपल्या भागात हा अनुभव गावाकडे जास्त येतो. शेतीच्या मोटारी चालू असतात तोवर व्होल्टेज दबलेलं असतं. त्या बंद झाल्या, लोक झोपले, की ट्रान्सफॉर्मरच्या जवळच्या घरात तेच व्होल्टेज वर चढतं. वडगावातल्या एका घरी पंप दुपारी अगदी व्यवस्थित, आणि पहाटे त्याची भणभण झोपलेल्यांना ऐकू येई. मल्टीमीटर लावला तर पहाटे व्होल्टेज २५० च्या वर होतं. पंपात काहीही बिघाड नव्हता.

तेव्हा संध्याकाळी दिवेलागणीला एकदा आणि रात्री उशिरा एकदा व्होल्टेज मोजा. लेबलवर "२२०-२४०" असेल आणि रात्री २४५ च्या आत असेल तर काळजी नको. फक्त "२२०" छापलेला पंप असेल तर तोच आकडा त्याला जड जातो, म्हणून आपल्याकडे पंप घेताना २४० पर्यंतचं लेबल बघूनच घ्यावा. एका टँकसाठी स्टॅबिलायझर घेणं परवडत नाही. मासे विकणाऱ्या दुकानात दहा-वीस पंप, हीटर आणि लाईट एकाच बोर्डवर असतात, तिथं मात्र तो घ्यावा.

घरातले बल्ब अचानक भगभगीत होत असतील, एका खोलीत व्होल्टेज जास्त आणि दुसऱ्या खोलीत कमी येत असेल, आकडा २७०-२८० ला पोहोचत असेल, तर तो न्यूट्रल सैल झाल्याचा प्रकार असू शकतो. मेन स्विच बंद करा आणि लगेच लाईनमनला किंवा १९१२ ला कळवा. पंपाचा विचार त्यानंतर.

लेबलवर हर्ट्झ वाचलेत का?

आपल्या भागातली कितीतरी माणसं आखातात कामाला आहेत आणि येताना चांगलं फिल्टर घेऊन येतात. दुबई, मस्कत, दोहा, कुवेत इथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. सौदी अरेबियाची मात्र ६० हर्ट्झची. तिथला ६० हर्ट्झचा पंप आपल्याकडे लावला की दोन गोष्टी होतात. वेग सहाव्या भागानं कमी होतो, कारण दोन पोलच्या या मोटरी ६० हर्ट्झवर मिनिटाला ३६०० फेरे घेतात आणि ५० वर ३०००. आणि तेवढ्याच व्होल्टेजला गाभ्यातलं चुंबकत्व वीस टक्क्यांनी वाढतं, म्हणजे वर सांगितलेलीच उसळी. पाणी कमी, करंट जास्त, पंप गरम. असा पंप साफ करून सुधारत नाही. ५० हर्ट्झचा घेणं हाच उपाय. अमेरिकेतून आलेला ११०-१२० व्होल्टचा पंप तर थेट लावूच नका. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज उतरवलं तरी हर्ट्झ उतरत नाहीत.

पंप उघडा: चुंबकाला काय चिकटलंय ते बघा

व्होल्टेज बरोबर, लेबल बरोबर, आणि तरी वॅट वाढलेले आहेत, तर कारण बहुतेक रोटरच्या विहिरीत सापडतं. प्लग काढा. स्विच बंद केलाय म्हणून हात घालू नका, प्लगच काढा. मग पुढची जाळी आणि टोपी काढून इम्पेलर (पाणी ढकलणारी पाती, रोटरच्या चुंबकासकट) अलगद बाहेर ओढा. आतली सिरॅमिकची बारीक काठी चटकन मोडते, पक्कड लावू नका.

आता रोटरच्या काळ्या चुंबकाकडे बघा. त्यावर काळपट, मखमलीसारखा थर दिसला तर तो शेवाळ समजून पुसून टाकू नका, आधी बोटावर घेऊन चोळून बघा. कचकचलं तर ती लोखंडी रेती आहे. आपल्याकडे हे फार होतं. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा या नद्या दख्खनच्या काळ्या खडकातून येतात. त्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाचं चुंबकाला चिकटणारं खनिज असतं, आणि नदीच्या वाळूत त्याचे काळे कण मिसळलेले असतात. घराच्या बांधकामातली उरलेली वाळू धुऊन टँकमध्ये घातली की हे कण पाण्याबरोबर फिरत-फिरत पंपापर्यंत पोहोचतात, आणि पंपाचा चुंबक त्यांना धरून ठेवतो. रोटर आणि विहिरीची भिंत यांत एक मिलिमीटरही जागा नसते. तिथं हे कण अडकले की रोटर घासत फिरतो, वॅट वाढतात, काठीला धरणारे बुश झिजतात, आणि शेवटी विहिरीच्या पातळ भिंतीलाच ओरखडे पडतात. त्या भिंतीपलीकडे २३० व्होल्टची कॉइल आहे, हे लक्षात असू द्या.

खात्री करून घ्यायची असेल तर एक चांगला चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून टँकमधल्या वाळूतून फिरवा. पिशवीवर काळ्या मिशा उगवल्या तर वाळूच बदलावी लागेल, नुसता पंप धुऊन भागणार नाही. वाळू टाकून द्यायची नसेल तर सगळी बाहेर काढून, सुकवून, पातळ पसरून तिच्यावरून चुंबक फिरवत राहा. कंटाळवाणं काम आहे, पण होतं. फाउंड्री किंवा लेथ मशीनच्या शेजारी ऑफिसात टँक ठेवलेला असेल तर वाळू चांगली असूनही हाच थर जमतो, कारण हवेत उडणारी लोखंडाची धूळ उघड्या पाण्यात पडते. तिथं टँकला झाकण पाहिजेच.

थर पांढरा, राखाडी आणि कडक असेल तर तो क्षार. बोअरच्या पाण्यावरच्या टँकमध्ये तो जास्त जमतो. राकसकोप जलाशयाच्या नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या टँकमध्ये त्या मानानं कमी. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की फेस येतो. निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं पाणी यात इम्पेलर आणि पंपाचं तोंड बुडवून ठेवा, प्लग आणि तार बाहेर. लिंबूसत्व घरी असेल तर लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा पुरतो. दोन-तीन तासांनी जुन्या टूथब्रशनं घासा, विहिरीच्या आत कान साफ करायची कापसाची काडी फिरवा, आणि साध्या पाण्यानं नीट धुवा. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. त्यानं चुंबकाचं आवरण खराब होतं आणि त्याचा अंशही माशांना मारक ठरतो.

आता एक गोष्ट जी फार कमी जणांना माहीत असते. इम्पेलरची पाती हातानं फिरवून बघा. अनेक छोट्या पंपांत ती चुंबकावर पक्की बसवलेली नसतात, अर्धा फेरा मोकळी फिरतात आणि मग अडतात. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. सिंक्रोनस मोटर सुरू होताना आधी पुढं-मागं थरथरते आणि ज्या बाजूला जोर मिळेल त्या बाजूला सुटते. त्या क्षणी पात्यांचं ओझं अंगावर नसावं म्हणून ही मोकळीक ठेवलेली असते. क्षारानं ही मोकळीक भरली की लाईट जाऊन परत आल्यावर पंप सुरूच होत नाही, नुसता गुणगुणत राहतो. चालू असताना सगळं ठीक, आणि लाईट गेली की दर वेळी हाच त्रास, अशी तक्रार असेल तर आधी इथंच बघा. आणि ही पाती खडखडतात म्हणून फेविक्विकनं चिकटवून टाकू नका. आवाज जाईल, पण पंप कधी सुरू होईल आणि कधी नाही याचा भरवसा राहणार नाही.

अडकलेल्या रोटरचा करंट मोठ्या मोटारीसारखा पाच-सहा पट होत नाही, कारण या कॉइलचा स्वतःचाच अडथळा बराच असतो. म्हणून एमसीबी पडत नाही, फ्यूज जात नाही, आणि पंप तासन् तास गरम होत राहतो. पाणी हलेनासं झाल्यामुळं मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की मगच लक्षात येतं. लाईट आल्यावर टँकजवळ जाऊन पाणी फिरतंय ना एवढं बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

बुश झिजले असतील तर काठी आडवी हलते आणि चुंबकाच्या एका बाजूला घासल्याची चमकदार पट्टी दिसते. बुश आणि काठी दोन्ही बदला, एकच बदलून उपयोग नाही. इम्पेलर बदलला असेल तर जुन्याशेजारी नवा ठेवून पात्यांचा व्यास बघा. डुप्लिकेट इम्पेलर थोडा मोठा असला तरी वॅट बरेच वाढतात, कारण फेरे तेवढेच राहतात आणि पाणी ढकलायचं काम व्यासाबरोबर फार झपाट्यानं वाढतं. कोरडा चालून तापलेल्या पंपाचा चुंबकही कमजोर होऊ शकतो. त्याच मॉडेलच्या नव्या रोटरशेजारी ठेवून खिळा कोण जोरात ओढतो ते बघितलं की कळतं.

पाइप तुंबला म्हणून करंट वाढत नाही

हा गैरसमज पक्का बसलेला आहे. फिल्टरचा स्पंज घाण झाला, पाइप दुमडला, पाणी कमी झालं, तर या पंपाचे वॅट कमी होतात, कारण इम्पेलर कमी पाणी ढकलतो. यातून एक चांगली चाचणी मिळते. वॅटमीटर लावून पंप पाण्यात चालू ठेवा, आणि बाहेरच्या पाइपला लावलेला कॉक काही सेकंद बंद करा. वॅट खाली आले तर पाण्याचं ओझं आणि यंत्र दोन्ही बरोबर आहेत. जराही हलले नाहीत तर ऊर्जा पाण्यात जातच नाहीये, ती घासण्यात किंवा कॉइलमध्ये जळते आहे. स्पंज तरीही धुवा, माशांसाठी.

कॉइलचा संशय

सगळं साफ केलं, व्होल्टेज नीट आहे, तरी वॅट वाढलेलेच. मग कॉइलमधले काही वेढे आपापसात शॉर्ट झालेले असू शकतात. प्लग काढून त्याच्या दोन पिनांमध्ये मल्टीमीटरनं ओहम मोजा, आणि त्याच मॉडेलच्या चांगल्या पंपाशी तुलना करा. दोन्ही पंप तासभर बंद ठेवून एकाच तापमानाला आलेले असले पाहिजेत. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळं वीस अंश गरम असलेला पंप आठ टक्के जास्त दाखवतो आणि दोष झाकला जातो. गरम-गार सारखं असताना संशयित पंप चांगल्या पंपापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरकानं कमी ओहम दाखवत असेल तर वेढे गेले आहेत असं समजा.

दुकानदारांकडे एकाच मॉडेलचे अनेक पंप असतात, त्यांच्यासाठी आणखी सोपी तपासणी आहे. दोन्ही पंपांतून रोटर काढून, पंप पाण्यात बुडवून, दहाच सेकंद चालू करून वॅट बघा. रोटर नसताना जो जास्त वॅट घेतो त्याची कॉइल खराब.

हे पंप रिवाइंड करायला नेऊ नका. आपल्याकडे पाच एचपीच्या मोटारी उत्तम बांधून देणारे कारागीर आहेत, पण या पंपाची कॉइल एपॉक्सीत ओतून बंद केलेली असते. ती फोडून परत तशीच पाणीबंद करणं घरच्या किंवा दुकानातल्या साधनांनी होत नाही. तो पंप संपला.

इन्व्हर्टर, डीसी पंप आणि हवेचा पंप

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंप गुणगुणतो, गरम होतो आणि टाँग टेस्टरचा आकडाही भरवशाचा राहत नाही. मोजमाप नेहमी लाईनवर करा. लाईट जास्त वेळ जात असेल तर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, किंवा तेवढ्या वेळापुरता बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवा.

अडॅप्टरवर चालणाऱ्या डीसी पंपात २३० व्होल्टच्या बाजूचा करंट बारीक टोकदार झटक्यांनी येतो. साध्या टाँग टेस्टरला तो नीट कळत नाही, ट्रू आरएमएस मीटरच लागतो, आणि तिथंही पॉवर फॅक्टर कमीच असतो. अडॅप्टरवर छापलेले अँपिअर ही त्याची कमाल क्षमता असते, पंप तेवढे घेतोच असं नाही.

हवेच्या पंपात रबरी पडदा फाटला किंवा हलणारी दांडी चुंबकासमोरून सरकली की करंट वाढू शकतो. पडदे सुटे मिळतात, बदलून टाका.

पाण्यात करंट उतरतोय का

वाढलेल्या करंटचं हे कारण सगळ्यात कमी वेळा असतं, पण तपासायचं कधीच टाळू नये. तारेच्या तोंडाशी किंवा एपॉक्सीला चीर पडली की पाणी कॉइलपर्यंत जातं. पंप चालत राहतो, मासेही पोहत राहतात, कारण माशातून करंटला जमिनीकडे जायला वाट नसते. तुम्ही पाण्यात हात घालून जमिनीवर उभे राहिलात की ती वाट तयार होते.

मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर तपासा. पंप बादलीत बुडवा, प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडून मेगरची एक वायर त्यांना लावा आणि दुसरी पाण्यात सोडा. चांगला पंप शेकडो मेगाओहम दाखवतो. आकडा दोन-चार मेगाओहमवर आला असेल तर पंप उतरणीला लागलाय, एकच्या खाली असेल तर तो परत टँकमध्ये जाता कामा नये. मेगर नसेल तर वरच्या एक्स्टेन्शनच्या फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा एकत्र जबड्यात घ्या. इथं शून्यच यायला हवं. मिलिअँपिअर मोजणारा लीकेज टाँग टेस्टर असेल तर जो आकडा दिसेल तो पाण्यातून बाहेर जाणारा करंट. पण कोणत्याही टाँग टेस्टरनं शून्य दाखवलं तरी त्यावर विसंबू नका, कारण पाण्यातून जमिनीकडे जायला वाट नसेल तर पंप खराब असूनही शून्यच येतं.

टँकच्या बोर्डला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट बाहेर गळाला की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या. एमसीबी हे काम करत नाही. ती तार जळण्यापासून वाचवते, माणसाला वाचवत नाही. प्लगकडे जाणाऱ्या तारेला सॉकेटच्या खाली झोळ सोडा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. आणि अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागं तार नसते.

लीकेज निघालेला पंप टाकून देताना त्याची तार मुळाशी कापून टाका. भंगारातून उचलून, प्लग लावून कुणीतरी तो पुन्हा पाण्यात सोडू शकतो.